न्युरेंबर्गचा सोनार आणि त्याचा मुलगा

प्रार्थनेसाठीं जोडलेल्या दोन हातांचें एक चित्र आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेलें असेल. ख्रिस्ती घरांतून तें भिंतीवर लावलेलें असतें, नाताळाच्या कार्डांवर छापलेलें असतें, क्वचित् लाकडांतही कोरलेलें आढळतें. या चित्राबरोबर एक गोष्टही गांवोगांव हिंडत असते. अठरा मुलांच्या एका गरीब घरांतील दोघां भावांस चित्रकार व्हावयाचें होतें. त्यांनीं नाणें उडवून ठरविलें कीं एकानें खाणींत राबावें व दुसऱ्यानें त्या पैशावर शिकावें. आणि शिकून परत आलेल्या भावानें खाणींत वांकडे झालेले आपल्या भावाचे हात पाहिले व ते रेखाटले. ही गोष्ट आम्हींही कांहीं वर्षांपूर्वीं वर्गांत मोठ्या रंगानें सांगितली होती, आणि मागील बांकावरील एका मुलाचे डोळे ओले झालेले पाहून मनांतल्या मनांत समाधान मानलें होतें. पुढें त्या चित्रकाराचें चरित्र नीट वाचल्यावर कळलें कीं ती गोष्ट खरी नव्हे. चित्र आल्ब्रेख्त ड्यूरर याचें, हें खरें. त्याच्या आईस अठरा मुलें झालीं, हेंही खरें. परंतु खाणींत गेलेला भाऊ कोणी नव्हता. ते हात त्यानें १५०८ सालीं निळ्या कागदावर काढले, ते फ्रँकफूर्ट येथील याकोब हेलर नांवाच्या व्यापाऱ्यानें सांगितलेल्या एका मोठ्या चित्रांतील प्रेषिताचे म्हणून. तें मोठें चित्र १७२९ सालीं म्यूनिक येथें आगींत जळून गेलें. हातांचा कागद मात्र व्हिएन्ना शहरीं अजून आहे.

तेव्हां त्या वर्गाचें आमच्यावर एक ऋण राहिलें. तें फेडावें म्हणून त्या घराची खरी हकीकत येथें सांगतों. ती आम्हांस त्या कल्पित गोष्टीपेक्षां थोर वाटते.

ही हकीकत कळण्याचें साधन मोठें विलक्षण आहे. ड्यूररचा बाप आपल्या वहींत घरांतील जन्मांची नोंद ठेवीत असे. मुलगा बावन्न वर्षांचा झाल्यावर, १५२३ च्या नाताळांत, त्यानें बापाचे ते कागद काढून नीट उतरून घेतले व त्यांत आपल्या आठवणींची भर घातली. मध्ययुगांतील राजांची व बिशपांची माहिती पुष्कळ मिळते. एका कारागिराच्या घरांत काय चाललें होतें हें त्या घरच्याच माणसानें लिहून ठेवावें, असें क्वचितच घडतें.

बापाचें नांवही आल्ब्रेख्त. तो १४२७ सालीं हंगेरी देशांत, ग्युला नांवाच्या गांवाजवळील आयतोश या खेड्यांतील घराण्यांत जन्मला. घराणें गुरें व घोडे पाळून राहणारें होतें. त्याचा बाप अँटन हा लहानपणीं ग्युला येथें एका सोनाराकडे काम शिकण्यास राहिला, आणि तेव्हांपासून सोनारकी त्या घरांत आली. हंगेरीच्या भाषेंत आयतो म्हणजे दार, आणि दाराला जर्मन शब्द ट्यूर. यावरूनच त्या परदेशी कुटुंबाचें नांव ट्यूरर, ड्यूरर असें झालें. थोरला आल्ब्रेख्त बापाजवळ काम शिकून बाहेर पडला, नेदरलंड्समधील मोठमोठ्या उस्तादांच्या हाताखालीं दीर्घ काळ राबला, आणि १४५५ च्या जून महिन्यांत न्युरेंबर्ग शहरीं येऊन पोंचला. त्या दिवशीं तेथील पिर्कहाइमर या श्रीमंत घराण्यांतील एक लग्न होतें, आणि किल्ल्यावरील लिंडेनच्या मोठ्या झाडाखालीं नाच चालला होता. अठ्ठावीस वर्षांचा, ओळखीचें कोणी नसलेला कारागीर गांवांत शिरतो आणि वर नाच चाललेला पाहतो. ही गोष्ट त्यानें घरीं मुलांना सांगितली असली पाहिजे, एरवीं ती मुलाच्या टिपणांत आली नसती.

न्युरेंबर्ग हें त्या काळीं जर्मनींतील मोठ्या व संपन्न शहरांपैकीं एक होतें. पेग्निट्स नदी मधून वाहते. नदीच्या दोन्हीं बाजूंस दोन मोठीं मंदिरें, एक संत सेबाल्ड याचें व दुसरें संत लोरेन्झ याचें. वर उत्तरेस खडकावर किल्ला, आणि भोंवतीं तट व खंदक. शहरावर राजा नव्हता. सम्राटाखेरीज कोणाची सत्ता तें मानीत नसे. कारभार थोड्या श्रीमंत घराण्यांच्या सभेच्या हातीं होता. इतर शहरांत कारागिरांचे आपापले संघ असत. येथें १३४८ सालीं कारागिरांनीं उठाव केला होता, व तो मोडल्यावर सभेनें असे संघ होऊं दिले नाहींत. प्रत्येक धंद्यांत शपथ घेतलेले उस्ताद नेमून त्यांच्याकरवीं ती मालाची तपासणी करी. सोन्याचांदीच्या कामांत तर ही तपासणी फारच कडक, कारण हीण मिसळलें तर सबंध शहराचें नांव जाई. पितळ, चिलखतें, तराजू, होकायंत्रें, सर्व कांहीं येथें होई. जर्मनींतील पहिली कागदाची गिरणी १३९० सालीं येथेंच निघाली. आणि व्हेनिसच्या वाटेनें मिरी व आलें येथील वखारींत येत असे, तें आमच्याच पश्चिम किनाऱ्यावरून गेलेलें. सोनाराच्या घरीं सणावारीं मसाल्याची गोड वडी होई तींत मलबारचा वांटा होता, ही गोष्ट मुलांनीं ध्यानांत ठेवावी.

थोरला आल्ब्रेख्त हिएरोनिमस होल्पर नांवाच्या सोनाराकडे कामास राहिला तो बारा वर्षें. १४६७ च्या जून महिन्यांत, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, त्याचें त्याच धन्याच्या मुलीशीं लग्न झालें. बार्बारा तेव्हां पंधरा वर्षांची होती. आमच्याकडेही अशीं लग्नें पूर्वीं होत, म्हणून वाचकांस तें फारसें अपूर्व वाटणार नाहीं. परंतु त्या मुलीच्या वांट्यास पुढें काय आलें तें पाहतां मन थोडें थांबतें खरें. प्रथम तें जोडपें पिर्कहाइमर घराण्याच्या वाड्याच्या मागील घरांत राहत होतें, म्हणजे ज्या घराण्याच्या लग्नाचा नाच त्यानें पहिल्या दिवशीं पाहिला त्याच घराण्याच्या आश्रयास. १४७५ सालीं त्यानें किल्ल्याच्या पायथ्याशीं, लोहारआळीच्या कोपऱ्यावर, दोनशें गुल्डेन देऊन स्वतःचें घर घेतलें.

या घरांतला दिवस कसा जात असे? प्रथम तेथल्या वेळेचीच गंमत सांगितली पाहिजे. न्युरेंबर्ग शहरांत सूर्योदयापासून दिवसाचे व सूर्यास्तापासून रात्रीचे तास निरनिराळे मोजीत. उन्हाळ्याच्या भरांत दिवसाचे सोळा तास व रात्रीचे आठ. हिंवाळ्यांत याच्या उलट. म्हणजे पहिला तास पडला कीं उजाडलें समजावें. कारागिराला उजेड हाच मुख्य भांडवलाचा भाग. चांदीवर बारीक रेघ कोरावयाची तर मेणबत्तीचा उजेड पुरत नाहीं, आणि मेणबत्तीला पैसे पडतात. म्हणून सोनाराचें बांकडें खिडकीला लागूनच असे.

आमच्या वाचकांनीं आपल्या गांवच्या सोनाराचें दुकान डोळ्यांपुढें आणावें. फारसा फरक पडणार नाहीं. तीच ऐरण, तीच मूस, तोच भाता व तोच चिमटा. चांदी वितळवून ओतावी, ठोकून पत्रा करावा, ठोकतां ठोकतां ती ताठर झाली कीं पुन्हां तापवून नरम करावी, पुन्हां ठोकावी, आणि असें शेंकडों घावांनीं सपाट पत्र्याचा पेला उभा करावा. मग कानस, मग झिलई, आणि शेवटीं कोरणी. शिकाऊ मुलाला आरंभीं हत्यार हातीं मिळत नसे. भाता ओढणें, कोळसा आणणें, जमीन झाडणें हीं त्याचीं कामें. आमच्याकडे झारेकरी सोनाराच्या दारची माती धुऊन सोनें काढतात. तेथेंही केर फुकट जात नसे. शिकाऊ मुलें व मजूर कारागीर धन्याच्याच घरीं राहत व त्याच्याच पानाला जेवत. त्यामुळें बार्बाराच्या चुलीवर केवळ नवऱ्याचा व मुलांचा नव्हे, तर साऱ्या दुकानाचा स्वयंपाक होई. राईची भाकर, कोबी, ओटची किंवा बाजरीसारख्या धान्याची पेज, आणि पाण्याच्या ठिकाणीं पातळ बिअर, असें कारागिरांचें सामान्य जेवण असे. उपवासाच्या दिवसांत मांस बंद.

आणि या सर्व खटाटोपांत तिचीं बाळंतपणें. पहिली मुलगी १४६८ सालीं, अठरावें मूल १४९२ सालीं. चोवीस वर्षांत अठरा. बापाच्या वहींत प्रत्येक जन्माचा दिवस, तास, बाप्तिस्म्याच्या वेळीं कोण धर्मपिता झाला व नांव काय ठेवलें, एवढेंच लिहिलेलें आहे. परंतु ही यादी वाचतां वाचतां एक गोष्ट लक्षांत येते. हान्स हें नांव तीनदां येतें, सेबाल्ड दोनदां, आग्नेस दोनदां. एक हान्स गेला म्हणून पुढच्याला तेंच नांव दिलें, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो. दुःखाचा एक शब्दही बापानें तेथें लिहिलेला नाहीं. कांहीं मुलें तान्हेपणीं गेलीं, कांहीं वाढून हाताशीं आल्यावर गेलीं. अठरांपैकीं शेवटीं तिघे भाऊ उरले: आल्ब्रेख्त, एंड्रेस व तिसरा हान्स.

आल्ब्रेख्त हा तिसरें अपत्य, जन्म २१ मे १४७१. आमच्याकडे तेव्हां दक्षिणेंत बहामनी सुलतानांचें राज्य होतें. त्याचा धर्मपिता अँटन कोबर्गर हाही मुळांत सोनार. पण तो लवकरच छापखान्याच्या धंद्यांत पडला व त्या काळच्या सर्वांत मोठ्या मुद्रकांत गणला गेला. चोवीस छापयंत्रें व शंभरावर माणसें त्याच्याकडे होतीं असें सांगतात. सोनारकी सोडून दुसऱ्या कलेंत जाणारा मनुष्य मुलानें असा शेजारींच पाहिला होता.

बापाचा या मुलावर विशेष जीव होता, कारण तो मेहनती आहे हें त्याला दिसत होतें. म्हणून त्यानें त्याला शाळेंत घातलें. लिहावाचावयास आल्यावर शाळेंतून काढून आपल्या बांकड्याशीं बसविलें. कारागिराच्या मुलाचें शिक्षण येथेंच संपत असे. मुलगा तेरा वर्षांचा असतां, १४८४ सालीं, त्यानें आरशांत पाहून स्वतःचें चित्र काढलें. तें अजून व्हिएन्ना येथें आहे. मोठी बाही, खांद्यापर्यंत केस, बाजूला रोखलेली नजर, आणि पुढें केलेलें एक बोट. हें चित्र शिशाच्या पेन्सिलीनें काढलेलें नाहीं, चांदीच्या टोंकानें काढलेलें आहे. कागदावर एक विशेष लेप देऊन त्यावर चांदीची सळई फिरविली कीं करडी रेघ उठते. ही रेघ खोडतां येत नाहीं. चुकली ती चुकली. सोनाराच्या घरच्या मुलाला असें काम अवघड नसावें, कारण कोरणीची रेघ तरी कोठें पुसतां येते?

दोन वर्षांनीं तो बापापुढें उभा राहिला व म्हणाला कीं आपलें मन सोनारकींत नाहीं, चित्रकलेंत आहे.

येथें आम्ही पालकांस थोडें थांबण्याची विनंती करतों. बापाचें वय तेव्हां एकुणसाठ. मुलगा पंधरा वर्षांचा, आणि हाताला वळण लागून सुबक काम करूं लागलेला. म्हणजे ज्या घटकेला त्याचा दुकानाला उपयोग व्हावयाचा तीच घटका. एंड्रेस, ज्यानें पुढें सोनारकी चालविली, तो तेव्हां दोन वर्षांचा होता. बाप दरिद्री नव्हता. सम्राट तिसरा फ्रेडरिक याच्यासाठींही त्यानें काम केलें, आणि १४९२ सालीं लिंट्स येथें आपलें काम घेऊन तो सम्राटास भेटला, त्या वेळचें त्यानें बायकोला लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. परंतु मुलानें लिहून ठेविलें आहे कीं बापाला हाताच्या कमाईखेरीज कशाचाही आधार नव्हता. हात थांबले कीं घर थांबलें. अशा माणसानें नाहीं म्हटलें असतें तर त्याला दोष देण्यास आम्ही तरी धजलों नसतों. त्याला राग आला नाहीं, पण वाईट वाटलें. सोनारकी शिकण्यांत मुलाचीं इतकीं वर्षें फुकट गेलीं, याची त्याला हळहळ वाटली. तरी त्यानें मुलाचें ऐकलें. १४८६ सालीं, ३० नोव्हेंबर रोजीं, संत अंद्रियाच्या दिवशीं, त्यानें त्याला मिखाएल वोल्गेमूट या चित्रकाराकडे तीन वर्षांच्या करारानें शिकाऊ म्हणून ठेवलें.

वोल्गेमूटचें घर त्याच भागांत होतें, पण शिकाऊ मुलानें धन्याकडेच राहावयाचें. तेथील मजूर कारागिरांनीं त्याला बराच त्रास दिला. तें दुःख तो वयाच्या बावन्नाव्या वर्षीं देखील विसरला नव्हता. त्रास कसला हें त्यानें सांगितलेलें नाहीं. वसतिगृहांत राहिलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस त्याची कल्पना करतां येईल. धन्याविषयीं मात्र त्याच्या मनांत किल्मिष नव्हतें. तीस वर्षांनीं, वोल्गेमूट अगदीं थकलेला असतां, १५१६ सालीं त्यानें त्याचें एक सुंदर चित्र काढलें. वोल्गेमूटच्या चित्रशाळेंत वेदीवरील मोठीं चित्रें होत, तशींच पुस्तकांसाठीं लाकडी ठसेही होत; कोबर्गरनें १४९३ सालीं छापलेला जगाच्या इतिहासाचा प्रचंड ग्रंथ, ज्यांत अठराशेंच्या वर चित्रें आहेत, त्याचे ठसे येथलेच.

तीन वर्षें संपल्यावर बापानें त्याला प्रवासास धाडलें. १४९० च्या ईस्टरनंतर तो निघाला तो चार वर्षांनीं परतला. निघण्यापूर्वीं त्यानें बापाचें रंगीत चित्र काढलें: हातांत जपमाळ धरलेला, ओंठ मिटलेला, दमलेल्या डोळ्यांचा म्हातारा. प्रवासांत तो कोल्मार येथें मार्टिन शोंगाउअर या प्रसिद्ध कोरीवकाराकडे शिकावें म्हणून गेला. पण तो आधींच, १४९१ सालीं, मरण पावला होता. शोंगाउअर हाही सोनाराचाच मुलगा होता.

ही योगायोगाची गोष्ट नव्हे, आणि आमच्या मतें साऱ्या हकीकतीचें मर्म येथेंच आहे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून तें कागदावर छापण्याची कला पंधराव्या शतकांत सोनारांच्याच दुकानांतून निघाली. चित्रकार कुंचला धरतो. तांब्यावर कुंचल्याचें काय काम? तेथें सोनाराची कोरणी लागते. तिची मूठ तळहातांत बसवून टोंक पुढें रेटावें लागतें, आणि वळण आलें कीं हात न वळवितां पत्राच फिरवावा लागतो. मग त्या बारीक चरांत शाई भरावयाची, वरची पुसून काढावयाची, आणि ओलसर कागद ठेवून रुळाखालून दाबून काढावयाचा. चर जरा खोल गेला तर रेघ जाड, जरा उथळ तर फिकी. हा अंदाज पुस्तकांतून येत नाहीं. तो मनगटांत असावा लागतो, आणि ड्यूररच्या मनगटांत तो पंधरा वर्षांपूर्वींच बसलेला होता. १५०४ सालचें आदाम व हव्वा यांचें, १५१३ सालचें घोडेस्वाराचें, १५१४ सालचें अभ्यासिकेंत बसलेल्या संत जेरोमचें, हीं जीं चित्रें जगानें डोक्यावर घेतलीं तीं तांब्यावर कोरलेलीं आहेत. जीं वर्षें फुकट गेलीं म्हणून बापाला हळहळ वाटली तींच मुलाच्या सर्वांत अधिक उपयोगास आलीं. बापाला हें पुरतें कळलें असें म्हणवत नाहीं. १४९८ सालीं मुलानें प्रकटीकरणाच्या पुस्तकावरील पंधरा लाकडी ठशांचीं चित्रें छापून नांव मिळविलें, तें त्यानें पाहिलें. परंतु १५०२ च्या सप्टेंबरांत तो गेला, आणि तांब्यावरील तीं श्रेष्ठ चित्रें त्यानंतरचीं आहेत.

येथेंच एक आमच्याकडील गोष्ट सांगून टाकतों. १५१५ च्या आरंभीं गोव्याहून एक गेंडा जहाजानें पोर्तुगालला रवाना झाला. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याच्याकडून तो पोर्तुगीजांस नजर म्हणून मिळाला होता. मे महिन्यांत तो लिस्बनला पोंचला, आणि त्याचें वर्णन व एक कच्चें चित्र न्युरेंबर्गपर्यंत आलें. ड्यूररनें तो प्राणी डोळ्यांनीं पाहिला नव्हता. तरी त्यानें त्याचें चित्र लाकडी ठशासाठीं काढलें, आणि पुढें अडीचशें वर्षें युरोपला गेंडा ठाऊक होता तो या चित्रावरून. त्यांत कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या झाल्या आहेत, व पाठीवर एक नसतें लहानसें शिंगही आलें आहे. लोहारआळीच्या कोपऱ्यावर वाढलेल्या मुलाला जाड कातडी म्हटल्यावर चिलखत आठवावें, यांत आम्हांस तरी नवल वाटत नाहीं.

बापाचा शेवट आमांशानें झाला. ती रात्र मुलानें बारकाईनें लिहून ठेविली आहे. मध्यरात्रीनंतर म्हाताऱ्याला उठून बसावेंसें वाटलें. सांभाळणाऱ्या बाईनें त्याला उठविलें. त्यानें घोंटभर पिण्यास मागितलें, थोडा द्राक्षारस घेतला, आणि पुन्हां अंथरुणांत जाण्याची इच्छा दाखविली. तो निजतांच तिनें मेणबत्ती लावली व त्याच्यासाठीं संत बर्नार्डचीं कडवीं म्हणावयास घेतलीं. तिसरें कडवें पुरें होण्यापूर्वींच तो गेला. लहान मोलकरीण मुलाला उठवावयास धांवली. तो खालीं येईपर्यंत सर्व आटोपलें होतें. शेवटच्या क्षणीं आपण जवळ नव्हतों, हें शल्य त्याला राहिलें. बापाविषयीं तो सांगतो कीं तो थोडें बोलणारा, शांत, सोशिक व देवभीरू होता. लोकांत फार मिसळत नसे. संसाराचीं सुखें त्यानें फारशीं भोगलीं नाहींत. आणि मुलांनीं देवाशीं व शेजाऱ्याशीं नीट वागावें, हेंच तो रोज सांगत असे.

दोन वर्षांनीं आईजवळ कांहींच उरलें नाहीं, तेव्हां मुलानें तिला आपल्या घरीं आणलें. ती बसून राहणारी नव्हती. मुलगा व्हेनिसला गेला असतां ती न्युरेंबर्गच्या जत्रेंत त्याचीं छापील चित्रें विकावयास बसे, आणि सून आग्नेस फ्रँकफूर्टच्या जत्रेला जाई. त्याच वेळच्या एका पत्रांत मुलगा आपला मित्र विलिबाल्ड पिर्कहाइमर यास लिहितो कीं धाकट्या हान्सला आपण व्हेनिसला आणणार होतों, तें त्याच्या व आपल्या हिताचें झालें असतें. पण त्याच्यावर आकाश कोसळेल अशी आईला धास्ती पडली. पत्रांत हें थोडें कुरकुरीनें लिहिलेलें आहे. परंतु हान्स हा त्या नांवाचा तिसरा, हें ज्याला ठाऊक आहे त्याला त्या म्हातारीचें हंसूं येणार नाहीं.

ती मुलाला रागेंही भरत असे. तो चुकला तर मोठा चित्रकार म्हणून गय नव्हती. घरांतून जातां येतां ती प्रभूचें नांव घेऊन त्याला निरोप देई. १५१३ च्या एप्रिल महिन्यांत एके सकाळीं ती एकाएकीं इतकी आजारी पडली कीं तिला खोलीचें दारही उघडवेना. तें फोडून तिला खालीं आणावें लागलें. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ ती अंथरुणावर होती. १५१४ च्या मार्चमध्यें मुलानें कोळशानें तिचें चित्र काढलें. हें चित्र बर्लिन येथें आहे. त्यांत त्यानें कांहीं झांकलेलें नाहीं: गळ्याच्या शिरा, बसलेले गाल, कपाळावरच्या आठ्या, आणि एक डोळा जरा बाजूला वळलेला. सुंदर स्त्रियांचीं चित्रें काढणारे पुष्कळ होते. त्रेसष्ट वर्षांच्या, अठरा बाळंतपणें झालेल्या, प्लेगमधून अनेकदां उठलेल्या सोनारणीचें चित्र काढावें, असें त्यापूर्वीं फारसें कोणाच्या मनांत आलें नव्हतें. मे महिन्यांत ती वारली. तिचें मरण कठीण झालें. पण मेल्यावर तिचा चेहरा जिवंतपणीं होता त्याहून प्रसन्न दिसत होता, असें मुलगा सांगतो. त्याच कोळशाच्या चित्रावर त्यानें मागाहून शाईनें तिच्या मृत्यूची नोंद केली.

स्वतः ड्यूररला मूलबाळ झालें नाहीं. एंड्रेसनें बापाची सोनारकी चालविली. हान्स चित्रकार झाला व पुढें पोलंडच्या राजाकडे क्राकोव येथें राहिला. आल्ब्रेख्त ६ एप्रिल १५२८ रोजीं न्युरेंबर्ग येथें वारला व संत योहानाच्या स्मशानभूमींत त्याला पुरलें.

त्यापूर्वीं सुमारें चार वर्षें, त्या नाताळांत, जेव्हां तो बापाची वही घेऊन बसला, तेव्हां त्याला एकामागून एक अठरा नोंदी उतराव्या लागल्या. तिसरी नोंद त्याची स्वतःची होती: मंगळवार, सहावा तास, धर्मपिता अँटन कोबर्गर, आणि मुलाला नांव ठेविलें तें बापाचेंच. तेथें त्यानें आपलें असें कांहीं घातलें नाहीं. बापानें आपल्या तोंडानें सांगितल्यासारखी ती ओळ जशी होती तशीच राहूं दिली, आणि पुढची, सेबाल्डची, उतरावयास घेतली.